मदत हवी आहे: वडिलांच्या डोळ्यात जंत, लवकर सांगा

इंदिरानगरकर: बाबांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावर दोऱ्यासारखं काहीतरी वळवळतंय, सकाळी दाढी करताना त्यांनाच दिसलं, मी टॉर्च मारला तर आत सरकलं. डॉक्टर म्हणतात काढावा लागेल. गोळीने नाही का जात? मेंदूत गेला तर? कुणाला माहिती असेल तर प्लीज लवकर सांगा.

सिडकोवहिनी: कुठले डॉक्टर, डोळ्यांचे की फॅमिली? वय काय बाबांचं? नीट दिसतंय का त्यांना?

निफाडचा_बागाईतदार: आमच्याकडेपण साथ आहे, पोरं शाळेतून घेऊन येतात. टॉवेल वेगळा ठेवा, चार दिवसांत बसतं.

सिडकोवहिनी: दादा, डोळे आलेले नाहीत, जंत आहे.

पंचवटीचे_आजोबा: डोळ्यात शुद्ध मध घाल बाळा, पाण्याबरोबर सगळं बाहेर येतं. कापाकापी नको.

लॅबवाली_ताई: आजोबा राग मानू नका, पण मध अजिबात नको, तो निर्जंतुक नसतो, डोळा बिघडेल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याखाली असा लांब जंत आपल्याकडे बऱ्याचदा डायरोफिलारिया रेपेन्स निघतो, मूळचा कुत्र्यांचा, डास चावून माणसात येतो. माणसात सहसा एकटाच असतो, म्हणून अख्खा काढला की झालं, गोळ्या बहुतेक लागत नाहीत. मेंदूत जातात त्या डुकराच्या टेपवर्मच्या अळ्या, ते वेगळं.

लागोस_रिटर्न: हा लोआ लोआ जंत आहे. नायजेरियात सहा वर्षं होतो, तिकडे माशी चावून होतो. डीईसीची गोळी, हत्तीरोगाला देतात तीच, घेऊन टाका.

लॅबवाली_ताई: असं लिहू नका हो! लोआ लोआची पिल्लं रक्तात खूप असली तर डीईसीने मेंदूला इजा होऊन माणूस जाऊ शकतो. आधी रक्त तपासतात. बाबा आफ्रिकेत गेलेत का?

लागोस_रिटर्न: मी बरे झालेले लोक बघितलेत. रक्त तपासूनच दिली होती, ते लिहायचं राहिलं.

इंदिरानगरकर: बाबा मुंबईच्या पुढे गेलेले नाहीत. वय 61, डावा डोळा, लाल आहे, टोचतंय, दिसतंय नीट. फॅमिली डॉक्टर म्हणाले. शुगर आहे. घरी कुत्रा आहे.

सिडकोवहिनी: अरे शुगर आणि कुत्रा आधी सांगायचं ना! आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ने.

गंगापूररोड_३: नासर्डी नदीच्या काठाला संध्याकाळी उभं राहवत नाही इतके डास, फवारणीची गाडी मी तरी पावसाळ्यापासून बघितली नाही. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

इंदिरानगरकर: काढला!! डोळ्यापुरती भूल दिली, अर्ध्या तासात बाहेर. 12 सेंमी भरला, बाबांनी स्वतः बघितला. बाटलीत दिलाय, लॅबला उद्या नेला तर चालेल? फ्रीजमध्ये ठेवू का?

लॅबवाली_ताई: बाटलीत काय आहे? फॉर्मलिन (नमुना टिकवायचं द्रावण) असेल तर बाहेरच राहू दे, उद्या ने. सलाइन असेल तर आत्ताच नीघ. साध्या पाण्यात टाकू नको. आणि कुत्र्याचं रक्त जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घे.

इंदिरानगरकर: लेबल नाहीये. डॉक्टरांना फोन लावतो.