पहिली गिअरची गाडी कोणती घ्यावी?

प्रश्न: माझी उंची पाच फूट तीन इंच असून आजवर मी केवळ स्कूटर चालवली आहे. साताऱ्यात रोजच्या कामासाठी मोटरसायकल घ्यायची आहे आणि मन रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० वर बसले आहे. नवशिक्याने ती घ्यावी का?

उत्तर १: क्लासिकचे वजन सुमारे १९५ किलो आहे, स्प्लेंडरचे सुमारे ११२. गाडी पळत असताना हा फरक फारसा जाणवत नाही, पण उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना किंवा वाळूवर पाय घसरताना तो एकदम अंगावर येतो. शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून ती स्वतः मागे ढकलून पाहा आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकतात का, हे तपासा.

उत्तर २: सहमत आहे, मात्र ब्रेककडेही लक्ष द्यावे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) बंधनकारक आहे, आणि पावसात घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी त्यामुळे पुढचे चाक जाम होत नाही. म्हणून क्लासिकपेक्षा हलकी, तरीही एबीएस असलेली १५० सीसीची गाडी मी सुचवेन.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी गाडी ढकलून पाहतो, मगच बुकिंग करतो.