केस राऊंड म्हणजे नक्की काय विचारतात? (मुक्काम नागपूर)

इतवारीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. मिहानमध्ये (नागपूरचा आयटी-उद्योगांचा पट्टा) साडेतीन वर्षं झाली, टेस्टिंग करून राहिलो. एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मचा (कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणारी) फोन आला. गुरुवारी मुलाखतीचा केस राऊंड आहे, घरूनच, व्हिडिओवर; धंद्यातला एखादा प्रश्न देऊन सोडवायला लावतात म्हणे. यूट्यूबवर पाहिलं तं सगळे इंग्रजीत धडाधड बोलतात, फ्रेमवर्क म्हणजे उत्तराचे तयार साचे काढतात. मला पाठांतर जमत नाही. आमचं किराण्याचं दुकान आहे, बाबा म्हणतात, "घरचं जेवण सोडून कायले जातं?" आतलं कोणी आहे का इथं?

संत्राबर्फी
आधी इन्व्हर्टरची बॅटरी पाहून घे बाप्पा. बाकी मग.

कूलरची_ताटी
सहा वर्षं होतो, आता परत नागपुरात. लांबण लावतो, सांभाळून घे.

माझा राऊंड मे महिन्यात, दुपारी अडीचला. कूलर सुरू ठेवला तर समोरच्याला विमान उतरून राहिलं असं वाटलं असतं, म्हणून बंद केला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, आणि घामानं कोपराला चिकटलेला कागद. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या शहरात रोज तर्री पोह्याच्या किती प्लेटा विकल्या जातात?"

मी सुरू झालो. 2011 च्या जनगणनेत शहर 24 लाखांचं, आता 30 धरू. सकाळचा नाश्ता बाहेर करणारा दहातला एक, म्हणजे 3 लाख. त्यातले निम्मे पोहेवाले. दीड लाख प्लेटा. खूश झालो.

बाई म्हणाल्या, "आता ठेल्याकडून मोजा." चांगल्या ठेल्यावर मिनिटाला एक प्लेट, सकाळचे चार तास, 240. दीड लाखाला 625 ठेले लागतात. महापालिकेचे प्रभाग 38, म्हणजे प्रभागामागे सोळा. डोळ्यासमोर आमचा प्रभाग आणला, चौक चौक फिरलो. दहाच्या वर ठेला सापडेना. म्हटलं, "मॅडम, दहातला एक मी जास्त धरला. रविवार डोक्यात होता, मंगळवार नव्हता. नव्वद हजारांवर येतो." तिथं त्या पहिल्यांदा हसल्या. खरा आकडा त्यांच्याकडेही नव्हता. स्वतःचा आकडा स्वतः मोडतो का, एवढंच पाहून राहिल्या होत्या.

दुसरी केस बहुधा नफ्याची येते. "कंपनीचा नफा घटला" म्हटलं की लगेच उपाय सांगत सुटू नको. विचार, रुपयात घटला की टक्क्यात? कधीपासून? या धंद्यात सगळ्यांचाच घटला की यांचाच? पाठांतर करणारे इथंच आपटतात. इंग्रजीचं म्हणशील तं माझं आजही इंग्रजी कमी आणि हातवारे जास्त.

नोकरीचं कडू सांगतो. मला पुणे सांगितलं आणि अकरा महिने झारखंडातल्या एका कारखान्यावर बसवलं. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. एकदा रात्री दीड वाजता स्लाईडवरचे बाण सरळ करत होतो, कारण साहेबांना डावा बाण खाली वाटला. टाइमशीटमध्ये तास क्लायंटच्या नावावर पडले नाहीत की बेंच, म्हणजे कामाविना बसून राहणं, आणि बेंचवर महिना गेला की लोक नजर चुकवू लागतात. ऑफर आली की सहीच्या आधी दोन गोष्टी मेलवर लिहून घे: कोणती टीम, आणि सीटीसीतला (वर्षाच्या एकूण पगारातला) व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग, किती.

सीए_धरमपेठ
@कूलरची_ताटी, इतकं काळं नको रंगवू भाऊ, तीन वर्षांत मी जेवढे धंदे आतून पाहिले तेवढे इथं दहा वर्षांत दिसले नसते.

फर्म ऑडिटही करणारी असेल तं एक कोणी सांगत नाही: डीमॅटमधले शेअर जाहीर करावे लागतात, बायकोचेही. ऑडिटच्या क्लायंटचे असतील तर विकायला लावू शकतात. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 144 वाचून जा. ज्या कंपनीचं ऑडिट, तिलाच मॅनेजमेंट सर्व्हिस देता येत नाही. या फर्मांमध्ये ऑडिट आणि कन्सल्टिंग वेगळं काऊन ठेवतात, ते त्यातून कळतं.

इतवारीचा_पोट्टा
लय आभार सगळ्यांचे. रात्री बाबांना विचारून पाहिलं, इतवारीत रोज लाल मिरची किती खपत असेल? मी लोकसंख्या लिहून राहिलो होतो. बाबांनी वहीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "कळमन्याच्या बाजारात गाड्या किती उतरल्या ते पहाय आधी. त्यातला बाहेरगावचा माल वजा कर. मग गोदामात काय पडून आहे ते." दोन मिनिटांत पोत्यांवर आले.

कूलरची_ताटी
मग बाबांनाच बसव! राऊंड दुपारचा आहे का? असेल तं आजच मेल करून सकाळचा स्लॉट माग, देतात.