‘मूलक सपाट, म्हणून मिश्रण’ हे वाक्य शिकवणे थांबवावे का?

ब्यूरेट (धागाकर्ता) :
बी.एस्सी.ला मुक्त मूलकांचा (जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांचा) धडा बहुधा एकाच वाक्यावर उरकला जातो : मूलकाचा कार्बन जवळपास सपाट असतो, म्हणून पुढचा अणू दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने येतो आणि समघटकांचे (तेच अणू, पण अवकाशातली मांडणी वेगळी) मिश्रण मिळते. माझ्या मते हे वाक्य शिकवणे थांबवावे. सपाट कार्बनाच्या दोन बाजू सारख्या ठरतात, त्या रेणूचा उरलेला भाग दोन्हीकडे सारखा असेल तेव्हाच. गोरिंग आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये १-ब्रोमोसायक्लोहेक्झीनवर मूलक मार्गाने हायड्रोजन ब्रोमाइडचे समावेशन केले (द्विबंधाच्या दोन कार्बनांना हायड्रोजन आणि ब्रोमीन जोडले), तेव्हा सिस-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन (दोन्ही ब्रोमीन वलयाच्या एकाच बाजूला) मिळाले. नवा ब्रोमीन दुसऱ्या कार्बनावर एका बाजूने बसतो आणि पहिल्या कार्बनाला हायड्रोजन विरुद्ध बाजूने मिळतो. समावेशन अँटी (नवे दोन अणू विरुद्ध बाजूंनी), पण उत्पादित सिस, कारण पहिल्या कार्बनावर आधीपासून असलेला ब्रोमीन नव्या ब्रोमीनच्या बाजूला वळतो. (परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो.)

कोरडा ईथर :
असहमत. हे वलयाचे कौतुक आहे, मूलकाचे नव्हे. उघडी साखळी घ्या : २-ब्रोमो-२-ब्यूटीन सिस असो वा ट्रान्स (दोन मिथाइल गट द्विबंधाच्या एकाच वा विरुद्ध बाजूंना), सामान्य तापमानाला दोन्हींतून मेसो (स्वतःच्या प्रतिबिंबाशी जुळणाऱ्या) आणि रेसेमिक (दोन प्रतिबिंबांच्या समसमान मिश्रणाच्या) डायब्रोमाइडांचे एकच मिश्रण निघते. पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी नियम म्हणून ते वाक्य पुरेसे आहे. अपवाद नंतर सांगता येतात.

ब्यूरेट :
हेच ब्यूटीन द्रवरूप हायड्रोजन ब्रोमाइडमध्ये उणे ८० अंश सेल्सिअसला घेतले, तर सिसपासून मेसो आणि ट्रान्सपासून रेसेमिक डायब्रोमाइड मिळते. मूलकाचा कार्बन तिथेही तोच असतो. बदलते ती शर्यत : कार्बन-कार्बन बंध फिरून जाण्याआधी हायड्रोजन मिळाला, तर मूळ द्विबंधाची भूमिती उत्पादितात टिकते. भोवती हायड्रोजन ब्रोमाइड मुबलक असेल, तर हायड्रोजन लवकर मिळतो. शिवाय थंडीत ब्रोमीन सुटून अल्कीनचा (द्विबंध असलेल्या संयुगाचा) समघटक बदलण्याचा उलटा मार्गही मंदावतो. ज्याला आपण अपवाद म्हणतो, तो वेगांचा हिशेब आहे.

पिपेट :
वेग मान्य, पण ब्रोमीन शेजारच्या कार्बनाकडे झुकून पूल बांधतो आणि त्या बाजूने वाट अडवतो, हे रसायनशास्त्रज्ञ स्केल यांनी मांडलेले स्पष्टीकरण वगळून चालणार नाही. हा पूल पूर्ण असतो की नुसता झुकाव, यावर वाद घालता येईल. दोन बाजू सारख्या राहत नाहीत, एवढे मात्र त्यातून निघते.

कोरडा ईथर :
मग दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वरची सगळी उदाहरणे डायस्टिरिओमरांच्या (एकमेकांची प्रतिबिंबे नसलेल्या समघटकांच्या) निवडीची आहेत. अकायरल (स्वतःच्या प्रतिबिंबाशी जुळणारे) अल्कीन आणि अकायरल अभिकर्मक घेतल्यावर प्रतिबिंब-समघटकांपैकी एकच निवडला जात नाही, मग तापमान कितीही उतरवा. त्यासाठी कायरल काहीतरी बाहेरून आणावेच लागते. सिबी आणि पोर्टर यांनी १९९६ मध्ये कायरल बिसऑक्झाझोलीन (धातूला धरून ठेवणारा रेणू) आणि मॅग्नेशियम आयोडाइड वापरून मूलकांच्या संयुग्मी समावेशनात (कार्बोनिल गटाशेजारच्या द्विबंधावर) ते साधले. पण तो एम.एस्सी.चा विषय आहे. शिवाय थायॉलचे (सल्फर-हायड्रोजन गट असलेल्या संयुगाचे) समावेशन पाहा : थायिल मूलक (त्याचा हायड्रोजन गेल्यावर उरणारा सल्फर मूलक) अल्कीनवर बसतो आणि सुटतोही, त्यामुळे न वापरलेले सिस अल्कीनसुद्धा ट्रान्स होऊ लागते. तिथे माझे जुने वाक्य बऱ्यापैकी लागू पडते.

ब्यूरेट :
लागू पडते, पण कारण तुम्हीच दिलेत : उलटसुलट होणारी पायरी. सपाटपणा त्यात कुठेच आला नाही.