विद्यापीठांचा परदेशी निधी: उपकरणं हा त्यातला छोटा भाग

काहींचं म्हणणं असतं की विद्यापीठ आधुनिकीकरणाचा परदेशी निधी म्हणजे फुकटात संगणक पदरात पाडून घेणं. मला हे पटत नाही. युरोपीय संघाचा टेम्पस कार्यक्रमच घ्या. १९९० मध्ये पूर्व आणि मध्य युरोपातल्या विद्यापीठांसाठी तो सुरू झाला, २०१४ मध्ये इरॅस्मस प्लसमध्ये, म्हणजे संघाच्या शिक्षण-प्रशिक्षणाच्या मोठ्या कार्यक्रमात, विलीन झाला. त्यानंतरच्या २०१४-२० च्या नियमांत उपकरणांवर अनुदानाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च करताच येत नसे, मनुष्यबळावर ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे भर अभ्यासक्रम, प्रशिक्षण, देवाणघेवाण यांवरच. शिवाय प्राध्यापकानं कुठल्या दिवशी कोणतं काम केलं याचे तक्ते भरायचे. (त्यातच निम्मा उत्साह संपत असणार!)

इरॅस्मस प्लसच्या २०२१-२७ च्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी एकरकमी अनुदान आलंय. बिलांचा ढीग कमी झाला, पण ठरलेला कामाचा टप्पा पुरा झाला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. हे प्रकल्प वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून करतात, त्यामुळे सीमेपलीकडचा एक भागीदार ढिला पडला तरी झळ सगळ्यांना.

खरी मेख वेगळीच आहे. नवा अभ्यासक्रम ज्या देशात सुरू व्हायचा त्या देशाची मान्यता त्याला वेळेत मिळाली नाही तर प्रकल्प संपतो आणि अभ्यासक्रम कागदावरच राहतो. त्यामुळे मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला अर्ज करतानाच सोबत घ्यायला हवं.