मदत हवी आहे: चोरिस, चोरीस की चौरिसो? आणि माळा चिकट का होतात?

पाककृतींच्या पुस्तिकेत गोव्याच्या सॉसेजचं पान आहे. एकाच मजकुरात नाव तीन प्रकारे आलंय, कुठलं ठेवू? शिवाय या कृतीने सॉसेजच्या माळा तिसऱ्या दिवशी चिकट होतात, आत मांस करडं पडतं. प्रमाण: १ किलो पोर्कचा खिमा, मीठ २ चमचे, मसाला पाण्यात वाटलेला.

उपान्त्य:
मूळ पोर्तुगीज शब्द chouriço, त्यात सीखाली शेपटी असते, तिचा उच्चार स. ती गळली की लोक ‘चौरिको’ वाचतात. लिस्बनला आज सुरुवातीला श ऐकू येतो, कोकणीत मात्र च, त्यामुळे पोर्तुगीज वळणाचं ‘चौरिसो’ काढाच. चोरिझो हा स्पॅनिश भाऊबंद, त्यात पाप्रिका असते.
मराठी नियमाने अकारान्त शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ: गरीब, तसं चोरीस. सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, ऱ्हस्व: गरिबाला, चोरिसाचा. पंचाईत एवढीच की ‘चोरीस’ वाचलं की पुढे ‘गेले’ आपोआप येतं! म्हणून शीर्षकात ‘चोरीस-पाव’ असं जोडरेघेने लिहा.

माडाचं व्हिनेगर:
कृतीतच घोळ आहे. खिमा नको, सव्वा सेंटिमीटरचे तुकडे हवेत: ७०० ग्रॅम मांस, ३०० ग्रॅम पाठीची घट्ट चरबी. ५० ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये वजनाखाली दाबा, सुटलेलं पाणी फेका. ३० ग्रॅम काश्मिरी मिरची, लसणाचा गड्डा, आलं, हळद, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी हे सगळं दीडशे मिली माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटा. पाण्याचा थेंब नको, बिघाड तिथूनच सुरू होतो. दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवा.
आतड्यात ठासून भरा. पोकळी राहिली तर आतलं मांस करडं पडतं. फुगा दिसला की सुईने टोचा आणि दोऱ्याने आवळून मणी पाडा.

प्रश्नकर्ता:
पावसात वाळवता येईल?

माडाचं व्हिनेगर:
नाही. गोव्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आधीच होते ती याचसाठी. कडक उन्हात वाळवा, नाहीतर चुलीवर धुरात टांगा. बुळबुळीत किंवा कुबट माळ टाकून द्या, धुऊन वापरू नका.
आणि हे सलामी या इटालियन सॉसेजसारखं कच्चं खायचं नाही, हे पुस्तिकेत ठळक छापा. आतडं सोलून कांदा आणि थोड्या पाण्यात मऊ शिजवा. तेल नको, चरबी सुटते. मीठ तर अजिबात नको. तरीही खारट लागलं तर बटाटा टाका.