जीआयएसची (संगणकावरच्या नकाशाशास्त्राची) एमएस्सी म्हणजे वाया गेलेली दोन वर्षं? कालच्या पोस्टला उत्तर

पंचगंगाकाठ : काल इथं एकानं लिहिलं, 'जीआयएसला ॲडमिशन घेऊ नका. क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, यूट्यूबवर महिन्यात येतं. बापाचे पैसे कशाला घालवता?' रात्रभर तेच डोक्यात होतं. सात वर्षं याच कामात आहे, म्हणून लिहितो.

बटणं महिन्यात येतात, खरं आहे. असाच शिकलेला एक पोरगा आमच्याकडं आला. त्यानं जुनी टोपोशीट, म्हणजे सरकारी छापील नकाशा, उपग्रहाच्या चित्रावर टाकली, तर नदी शेजारच्या उसात गेली. पठ्ठ्यानं शीट हातानं ओढून नदी जागेवर आणली! शीट एव्हरेस्ट डेटमवरची, चित्र डब्ल्यूजीएस 84 वरचं, म्हणजे दोघांचं पृथ्वीवरची जागा मोजायचं मूळ माप वेगळं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एक कोपरा जुळला, बाकीची वाट लागली. आपलं कोल्हापूर यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीच्या) 43 झोनमध्ये पडतं हे ठाऊक नसलेल्या माणसानं काढलेल्या गुंठ्यांवर कुणी विश्वास ठेवायचा?

आणि कामं आहेत. 2021 ला केंद्रानं नकाशांवरच्या परवानग्या सैल केल्या, 2022 ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली. तो डेटा हाताळायला माणसं लागतातच.

पुण्यातून_परत : धोरणानं पोट भरत नाही, भावा. मी केलीय ती एमएस्सी. पहिली नोकरी पुण्यात, रात्रपाळी. अमेरिकेतल्या रस्त्यांवरचे विजेचे खांब आणि मॅनहोल टिपत बसायचं. दीड वर्ष. पगारात कॉट बेसिस आणि मेस, संपलं. मग भूकरमापकाची जाहिरात आली. पात्रता काय? सिव्हिलचा डिप्लोमा, नाहीतर दहावी आणि आयटीआय सर्व्हेअर. माझ्या मामेभावानं फॉर्म भरला, मला भरता आला नाही. जमीन मोजायच्या नोकरीला नकाशाशास्त्राची पदवी चालत नाही, हे घरी कसं सांगायचं?

सोळा_आण्यांची_साखळी : आयटीआयवाल्यांना कमी लेखू नका. माझे वडील मोजणीची तेहतीस फुटी साखळी ओढत बांधावर उभे राहिले, भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या. एसीत बसून रेषा मारणाऱ्यांना ते जमायचं नाही.

पुण्यातून_परत : कमी कोण लेखतंय? मलाही फॉर्म भरू द्या, एवढंच म्हणतोय. नीट वाचा आधी.

शुक्रवारपेठकर : नोकरीचं तुमचं तुम्ही बघा. मला पुराचं बोलायचंय. 2019 ला व्हॉट्सॲपवर एक नकाशा फिरत होता. आमची गल्ली कोरडी. त्यावर विसंबून आईला घरातच ठेवली. रात्री पाणी जिन्यात. सकाळी बोटीतून काढली तिला. तेव्हापासून जीआयएस म्हटलं की डोकं फिरतं.

पंचगंगाकाठ : तो नकाशा बहुतेक एसआरटीएमवर, म्हणजे अवकाशातून रडारनं मोजलेल्या उंचीच्या डेटावर, केलेला असणार. 2000 सालचा डेटा, 30 मीटरचा चौकोन, उंचीत काही मीटरची चूक सहज. शिवाय झाडं-घरांची उंचीही त्यात मिसळते. गल्लीतलं फूटभर पाणी त्यातून दिसूच शकत नाही. हेच वर्गात शिकवतात.

शुक्रवारपेठकर : आईला बोटीत बसवताना मला हे सांगायला कोण आलं होतं? आम्हाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा पाण्याचा आकडा बास. 39 फुटांना सावध, 43 ला सामान वर. म्हाताऱ्यांना पदवीशिवाय कळतं.

पंचगंगाकाठ : तो आकडा बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आहे. 43 ला तुमच्या उंबऱ्याला किती पाणी, हे त्यातून कळत नाही. 2019 ला 55 च्या वर गेलं, तेव्हा ज्यांनी आयुष्यात पूर पाहिला नव्हता त्यांच्याही घरात शिरलं. त्यांच्या म्हाताऱ्यांना काय कळणार होतं? प्रत्येक गल्लीची नेमकी उंची हवी, आणि ती मोजणारी माणसं हवीत.

सोळा_आण्यांची_साखळी : म्हणजे शेवटी बांधावर यावंच लागतं.

पंचगंगाकाठ : यावं लागतं. ते मी नाकारलं नाही.

पुण्यातून_परत : डेटमचं पटलं, ते यूट्यूबवर मलाही कधी मिळालं नसतं. पण पायथन (प्रोग्रॅमिंग) आणि पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस) मी नोकरी सुटल्यावर घरी बसून शिकलो, आणि आजचा पगार त्यावर आहे. वर्गात ते नव्हतं. ॲडमिशन घेणाऱ्यांनी आधी अभ्यासक्रम मागून बघावा.

शुक्रवारपेठकर : राग गेलेला नाही. पण आमच्या भिंतीवर 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून आहेत, आईनं रंग देऊ दिला नाही. शेजारच्या चार घरांतही असतील. मोजायला यायचं असेल तर रविवारी या, मी घरी असतो.

पंचगंगाकाठ : येतो. रोव्हर, म्हणजे जागा आणि उंची नेमकी मोजायचं जीपीएस यंत्र, घेऊन येतो.