मदत हवी आहे: काल्पनिक पात्रावर प्रेम आहे, पण त्याच्या नायिकेचा आणि इतर चाहत्यांचा मत्सर होतो

चांदणवेल

एका मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेतल्या पात्रावर माझं प्रेम आहे. तो कागदावरचा आहे हे मला पुरतं ठाऊक आहे, त्यामुळे "लग्न कर म्हणजे जाईल हे खूळ" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. मालिकेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा त्या पात्राच्या गुणदोषांवर जाते.

अडचण मत्सराची आहे. मूळ कथेत त्याचं नायिकेशी लग्न होतं आणि पुढच्या सीझनमध्ये ते तिच्या कार्टून रूपात, म्हणजे अ‍ॅनिमेत येणार आहे. शिवाय त्याला "माझा नवरा" म्हणणाऱ्या इतर चाहत्या आहेत. आणि त्याच मालिकेच्या मोबाइल गेममध्ये त्याचं चित्र असलेलं, मर्यादित काळच मिळणारं कार्ड आलं की पैसे खर्च होतात.

ही जोडी समोर येऊ नये म्हणून नेमक्या कुठल्या सेटिंग्ज लावायच्या? लग्नाचा भाग आल्यावर काय करायचं? समुपदेशकाकडे जायची वेळ कधी येते? घरी स्थळं बघणं सुरू आहे, समोरच्याला किती सांगावं?

सप्तपर्ण

आधी एक भीती बाजूला ठेवा. काल्पनिक पात्रावर प्रेम असणं हा आयसीडी-११ आणि डीएसएम-५ या आजारांच्या अधिकृत याद्यांपैकी कुठल्याही यादीत आजार नाही. फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये याच विषयावरच्या ७१ ऑनलाइन चर्चांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असं प्रेम करणाऱ्यांना पात्र खरं नाही याची स्पष्ट जाणीव असते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. भावना खरी आणि समोरचा माणूस खरा नाही, ही ओढाताणच मुख्य त्रास देते. लोक हसतील ही धास्ती त्यात भर घालते.

तुमचे तीन मत्सर मात्र एका औषधाने जाणारे नाहीत. नायिकेबद्दल वाटतं ते "तिला मिळालं, मला नाही" असं असतं. चाहत्यांबद्दल वाटतं त्यात आपलं नातं सगळ्यांसारखंच निघेल ही भीती असते. गेममधला मत्सर तर कंपनीने घड्याळ लावून तयार केलेला असतो. तिन्ही एकत्र येतात तेव्हा पहिला कुठला पेटला हे आधी ओळखा, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो.

चाहत्यांबाबत जपानमध्ये एक रुळलेली पद्धत आहे. आपल्या आवडत्या पात्राच्या इतर चाहत्यांशी संबंध नको असेल तर प्रोफाइलमध्ये 'दोतान क्योही' (त्याच पात्राचे इतर चाहते नकोत) एवढंच लिहितात. इंग्रजी चाहतेमंडळांत 'नॉन-शेअरिंग' लिहितात. ही सूचना असते, त्यात कुणाचा अपमान नाही. तुम्हीही लिहा. ती पाळली जाते ती मुख्यतः तुमच्या बाजूने: तुम्ही ब्लॉक करायचं, पुढे जायचं, त्यांच्या चित्राखाली वाद घालायचा नाही. वाद घातला की त्यांची माणसं तुमच्या फीडमध्ये येतात आणि अल्गोरिदम तुम्हाला तेच आणखी दाखवतो.

टॅगमोगरा

सेटिंग्जचं मी सांगते.

एओथ्री या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर मालिकेच्या पानावर 'सॉर्ट अँड फिल्टर' उघडा (मोबाइलवर 'फिल्टर्स' बटण). खाली 'एक्स्क्लूड' भागात 'रिलेशनशिप्स'मध्ये ती जोडी दिसली तर खूण करा, नसेल तर 'अदर टॅग्ज टु एक्स्क्लूड'मध्ये नावं टाइप करून जी सूचना खाली येते तीच निवडा. सूचनेतला टॅग निवडला की स्पेलिंग वेगळं असलेले जोडटॅगही सोबत वगळले जातात. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमाची जोडी, अँडचं चिन्ह असेल तर मैत्री किंवा नातेवाईक. दोन्ही नको असतील तर दोन्ही टॅग वगळावे लागतात, आणि हे बहुतेकांचं राहून जातं. फिल्टर पुढच्या वेळी आपोआप लागत नाही. म्हणून फिल्टर लावल्यावर उघडलेलं पानच ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि नेहमी तिथूनच आत जा.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर): सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सेफ्टी, म्यूट अँड ब्लॉक, म्यूटेड वर्ड्स. कालावधी 'फॉरएव्हर'. इथे चूक अशी होते की लोक फक्त इंग्रजी नावं घालतात. जपानी चित्रकार दोघांच्या नावांचे तुकडे जोडून जोडीचं एकच नाव करतात आणि तेच हॅशटॅगमध्ये लिहितात. ते जपानी लिपीत घाला, दोन्ही क्रमांनी घाला. टम्बलरवर 'फिल्टर्ड टॅग्ज'मध्येही हीच यादी द्या.

तरी गळती राहते. चित्राखाली एकही शब्द नसेल तर कुठलाच फिल्टर ते पकडत नाही, आणि असं चित्र बहुधा 'फॉर यू' या शिफारशींच्या टॅबमधून येतं. त्यामुळे एक्सवर 'फॉलोइंग' टॅबवरच राहा. यूट्यूबवर त्या जोडीचे व्हिडिओ पाहिले असतील तर वॉच हिस्टरीतून काढून टाका, नाहीतर शिफारशी थांबणार नाहीत.

मध्यमा

टॅगमोगरा यांचं सगळं बरोबर, पण लग्नाच्या भागासाठी फिल्टरवर विसंबू नका. त्या आठवड्यात तो प्रसंग सगळीकडे असतो. रात्री एक वाजता अचानक समोर येण्यापेक्षा आपण ठरवून भेटलेला बरा. मांगातलं ते प्रकरण आधीच छापलेलं असेल तर दिवसा, एकदाच, प्रतिक्रिया न वाचता वाचा. काय घडतं हे नेमकं माहीत असलं की अ‍ॅनिमेतलं दृश्य फक्त त्याचं रंगीत रूप उरतं. भाग प्रसारित होतो त्या दिवसापासून साधारण आठवडाभर अ‍ॅप्स बंद ठेवा, तेवढ्यात पहिली लाट ओसरते.

खरा उपाय मला लिहिण्यात दिसतो. मूळ कथा लेखकाची आहे, ती बदलणार नाही. तुमची कथा तिच्या शेजारी उभी करायची. पहिलं ठरवायचं ते फाट्याचं ठिकाण: मूळ कथेतल्या कुठल्या प्रकरणापर्यंतचं तुम्ही मानता आणि कुठून तुमचं सुरू होतं. हे धूसर ठेवलं तर प्रत्येक नवा भाग तुमच्या कथेवर आदळतो. प्रकरण क्रमांक वहीत लिहून टाका.

मग सगळ्यात मोठा मोह: नायिकेच्या जागी स्वतःला बसवणं. तसं करू नका. तिची जागा घेतली की तिचे सगळे प्रसंग तुमच्याकडे येतात आणि प्रत्येक ठिकाणी तुलना होते. त्या जगात स्वतःला वेगळं काम द्या. तो योद्धा असेल तर तुम्ही नकाशे काढणाऱ्या असा, त्याच्या तुकडीचा हिशोब ठेवणाऱ्या असा. मग तीन गोष्टी लिहा: भेट कशी होते, मूळ कथेत त्याला जे कुणी देत नाही असं काय तुम्ही देता, आणि तुमचं भांडण कशावरून होतं. भांडण नसलेली कथा चार पानांत संपते आणि माणूस पुन्हा फीडकडे वळतो.

नायिकेला दुष्ट करू नका. नैतिकतेसाठी म्हणत नाही. तिला खलनायिका केलं की ती तुमच्या कथेत रोज लागते, तिला हरवण्यासाठी तिच्याबद्दलच लिहावं लागतं. तिला दुसऱ्या गावी पाठवा, तिला तिचं सुखाचं काम द्या, आणि मोकळ्या व्हा.

हिशेबवही

गेमच्या पैशांबद्दल. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल चित्रावर टिचकी, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'बजेट अँड हिस्टरी'. तिथे महिन्याची मर्यादा टाकता येते. पण ती फक्त इशारा देते, खरेदी अडवत नाही. अनेकांचा इथेच गैरसमज होतो. अडवायचं असेल तर जोडलेलं बँकेचं कार्ड काढून टाका, यूपीआय काढून टाका आणि रक्कम प्ले गिफ्ट कोडने भरा. महिन्याला ५०० ठरवले तर ५०० चाच कोड. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागणारी सेटिंगही सुरू ठेवा.

गेममध्ये कार्ड आल्याच्या पहिल्या दिवशी ते खेचायचं (म्हणजे सोडतीत नशीब आजमावायचं) नाही, हा नियम करा. इतरांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी सर्वात जास्त येतात.

आणि एक लक्षात घ्या: ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद झाला की घेतलेली कार्डं जातात. जपानमध्ये आकिहिको कोन्दो यांनी २०१८ मध्ये हात्सुने मिकू या आभासी गायिकेशी विवाह समारंभ केला होता. ज्या गेटबॉक्स यंत्रातून ती त्यांच्याशी बोलत असे, त्यातली तिची सेवा २०२० मध्ये थांबली. त्यांनी नातं सोडलं नाही, पण संभाषण गेलं. आवडते संवाद आणि दृश्यं आत्ताच रेकॉर्ड करून स्वतःच्या फोनवर ठेवा.

चांदणवेल

फार नेमकं मिळालं, आभारी आहे. समुपदेशन आणि स्थळांचं राहिलं. आणि टॅगमोगरा, नायिकेचं नाव म्यूट केलं तर त्याच्या बातम्याही जाणार नाहीत का?

सप्तपर्ण

झोप, जेवण किंवा काम सलग दोन आठवडे बिघडलं, उधारी झाली, तो पडद्यावरून खास तुम्हालाच निरोप देतोय असं वाटू लागलं, तर जा. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर थांबूच नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सुरुवात पात्राच्या नावापासून करू नका. "मला मत्सराचे झटके येतात, आठवड्यातून इतक्या वेळा, त्यानंतर इतके तास वाया जातात" असं सांगा. समोरची व्यक्ती हसली तर दुसरी बघा.

स्थळाच्या बाबतीत पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही, होकाराच्या आधी मात्र सांगायलाच हवं. तीन गोष्टी पुरतात: हे प्रेम आहे, त्याला वेळ आणि पैसा साधारण इतका जातो, आणि लग्नानंतर यातलं काय चालू राहील. "छंद आहे" म्हणून झाकू नका. पुढे नवऱ्याला कळलं तर फसवल्यासारखं वाटेल, आणि मग मत्सर त्याच्या बाजूने सुरू होईल. तो तुलना करायला लागला, "मी त्याच्यासारखा आहे का" असं विचारू लागला, तर उत्तरात तुलना करायची नाही. तो स्वतः तुम्हाला का आवडला तेवढंच सांगायचं. आणि आत्ता लग्नच नको असेल तर स्थळं थांबवायला सांगणं हेही प्रामाणिक उत्तर आहे.

टॅगमोगरा

हो, जातील. मालिकेच्या अधिकृत पोस्टमध्ये दोघांची नावं एकत्र असतात, म्हणून तिचं सुटं नाव म्यूट करू नका. फक्त जोडीचं नाव, जोडीचे हॅशटॅग आणि 'लग्न' अर्थाचे जपानी-इंग्रजी शब्द यादीत ठेवा. भाग प्रसारित होईल त्या आठवड्यापुरतं तिचं नाव घालायचं असेल तर कालावधी 'सेव्हन डेज' निवडा, नंतर ते आपोआप उठतं.